मच्छरदाणीतूनही चिलटं आत येतात, काय करावं?

सुपारीबाग:
आमचं घर चिपळूणजवळ, मागच्या पडवीला लागूनच गोठा. पाऊस ओसरला की तिन्हीसांजेला बारीक काळी चिलटं घरात शिरतात. मोहरीएवढी, पण चावली की आग होते आणि दुसऱ्या दिवशी गांधी उठतात. लेकीचे घोटे खाजवून सोलून निघालेत. मच्छरदाणी लावूनही उपयोग नाही. धूपही घालून झाला.

माणदेशी_मेंढका:
ताई, ही चिलटं एक ते तीन मिलिमीटरची असतात, मच्छरदाणीच्या भोकातून सहज निघतात. जुनं मऊ सुती लुगडं दुहेरी करून खिडकीला ताणून बांधा. दिवेलागणीआधी दारं-खिडक्या लावा. आणि पंखा! वाऱ्यात यांना उडताच येत नाही. छताचा नको, टेबलपंखा जमिनीलगत, लेकीच्या पायांवर वारा येईल असा ठेवा. धूर बंद करा, पोरीच्या छातीला त्रास होईल.

पण मूळ गोठ्यात आहे. यांच्या अळ्या ओल्या शेणात, मुताच्या चिखलात वाढतात. उकिरडा घरापासून लांब न्या, शेण रोज उचला, गोठ्याच्या नाळीत पाणी साचू देऊ नका. मेंढ्यांचा ‘निळी जीभ’ रोग यांच्याच चाव्याने पसरतो, म्हणून आम्ही याला फार जपतो. माणसाला तो होत नाही.

वर्धेकर_काकू:
आधी एक चिलट पकडून नीट बघा गं. रंग भुरका, अंगावर लव आणि बसताना पंख उभे धरत असेल तर ती वाळूमाशी. ती भिंतीच्या भेगांत राहते, तेव्हा भेगा लिंपून घ्या. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावावरून नाव पडलेला विषाणू १९६५ साली सापडला, तो हीच माशी पसरवते. लहान मुलाला एकाएकी जोराचा ताप आला, झटके आले, तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

सुपारीबाग:
पकडलं. काळपट आहे, पंखांवर ठिपके, बसल्यावर पंख पाठीवर आडवे. म्हणजे दादांचीच चिलटं. उकिरड्यावर औषध फवारलं तर?

माणदेशी_मेंढका:
नको. अळी चिखलात असते, फवारा वरच राहतो. वर गाय बाजूलाच बांधलेली. शेण पातळ पसरून उन्हात वाळवा, नाहीतर गोवऱ्या थापा. ओल गेली की अळी मरते.