दोन्ही किंडल कॉम्प्युटरला दिसत नाहीत, रविवारच्या आत हवी आहेत

वसुधा (ग्रंथालय), गुरुवार सकाळ

नमस्कार मंडळी,

जुनं काळं किंडल (ॲमेझॉनचं ई-पुस्तकं वाचायचं उपकरण) माझ्या विंडोज लॅपटॉपला लावलं की चार्जिंग सुरू होतं, पण ड्राइव्ह म्हणून काहीच दिसत नाही. नवं सायलीच्या मॅकला लावून पाहिलं, तिथेही तेच. रविवारी ज्येष्ठांच्या वाचनगटात द्यायची आहेत. विकिस्रोतवरून उतरवलेली पुस्तकं लॅपटॉपवर तयार आहेत, फक्त आत जात नाहीत. रीस्टार्ट करून झालंय, पोर्ट बदलून झालंय. या गटातल्या दोघींना छापील अक्षर आता वाचता येत नाही, त्या या रविवारची वाट बघताहेत. कुणाला माहीत असेल तर आजच सांगा.

श्रीकांत

वसुधाताई, वायरच्या मागे लागूच नका. ॲमेझॉनच्या 'सेंड टू किंडल' वेबसाइटवर फाइल टाका, ती वायफायवरून किंडलमध्ये जाते, 200 एमबीपर्यंत चालते. ईमेलने 50 एमबीपर्यंत. ईपब प्रकारची ई-पुस्तकं थेट घेतात. मोबी हा जुना प्रकार मात्र पाठवू नका, ते आता घेत नाहीत.

प्रदीप (वेब समिती)

श्रीकांत, दोन्ही उपकरणं मंडळाच्या खात्यावर आहेत आणि ते खातं वेब समितीकडे आहे. हे सर्वसाधारण सभेत ठरलंय. परवानगी दिलेल्या पत्त्यावरूनच ईमेल जाते. ग्रंथालयाला काही पाठवायचं असेल तर फाइल आमच्याकडे द्या, आम्ही पाठवू. पासवर्ड पुन्हा सगळ्यांकडे फिरायला नको, मागच्या गणपतीला काय झालं ते आठवत असेलच.

वसुधा (ग्रंथालय)

प्रदीप, पासवर्ड मला नकोच आहे. पण हॉलच्या वायफायवर आधी ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान येतं आणि किंडल तिथेच अडकतं. ऐन वेळी कुणी नवं पुस्तक मागितलं तर वायरच लागणार. शिवाय गट ग्रंथालय चालवतं, कुठलं पुस्तक द्यायचं ते तिथे बसून ठरतं. प्रत्येक पुस्तकासाठी तुम्हाला फोन करणं शक्य नाही.

मीनल

हॉलच्या वायफायचा विषय निघालाच आहे तर कोजागरीच्या वेळी स्लाइड शोही त्यामुळेच थांबला होता. समितीने याचं काहीतरी करावं.

मोठ्या अक्षराबद्दल सांगते. नाशिकला आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर तिने वाचन सोडलं होतं, ते ई-रीडरवर परत सुरू झालं. पण मी पाठवलेल्या दिवाळी अंकाच्या पीडीएफचं अक्षर मोठं होईना. रूपांतर केलं तर भलतीच रोमन अक्षरं आली, कारण अंक श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये लावलेला होता, सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमध्ये नव्हता. तेव्हा पुस्तकं आत जाण्याआधी एक पान उघडून बघा.

नानाकाका

वसुधा, वायर कुठली आहे? किंडलसोबत आलेली, की कपाटातल्या खोक्यातली?

यूएसबीच्या साध्या वायरीत चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन माहितीच्या. टॉर्च, ट्रिमर, स्पीकर यांच्याबरोबर येणाऱ्या बऱ्याच वायरींत माहितीच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. बाहेरून काही कळत नाही आणि चार्जिंग व्यवस्थित होतं. तू लिहिलेलं लक्षण तेच आहे. जुन्या किंडलला माहितीची वायर लागली की पडद्यावर 'यूएसबी ड्राइव्ह मोड' असं येतं. ते येत नसेल तर लॅपटॉपमध्ये काही शोधू नकोस. त्याच वायरीने अँड्रॉइड फोन जोड आणि फोनवर फाइल ट्रान्सफर निवड. फोटो दिसले नाहीत तर वायर बाजूला ठेव. किंडलला पासकोड असेल तर आधी तो टाक.

तो मोड आला आणि तरीही ड्राइव्ह दिसला नाही, तर विंडोजचं 'डिस्क मॅनेजमेंट' उघडून त्या ड्राइव्हला दुसरं अक्षर (E, F वगैरे) दे. ऑफिसचा नेटवर्क ड्राइव्ह ते अक्षर अडवून बसलेला असतो, हे मी नोकरीत पुष्कळदा पाहिलंय.

सायली

काकांचं जुन्याबद्दल पटतंय, पण नव्याला त्याच्याच खोक्यातली वायर लावली होती. तिथे अडचण वेगळी आहे. 2024 चं मॉडेल पेन ड्राइव्हसारखं दिसत नाही, ते एमटीपीने (फोनसारख्या फाइल देण्याघेण्याच्या पद्धतीने) बोलतं आणि मॅकच्या फाइंडरला, म्हणजे फाइली दाखवणाऱ्या प्रोग्रामला, एमटीपी येत नाही. विंडोजला येतं. मॅकवर कॅलिबर हा ई-पुस्तकं सांभाळायचा प्रोग्राम टाकला की काम होतं, मात्र एका वेळी एकच प्रोग्राम ते उपकरण धरू शकतो, म्हणून बाकीची ट्रान्सफरची ॲप बंद ठेवायची. नव्या मॅकबुकवर 'ॲक्सेसरी जोडू द्यायची का' अशी चौकटही येते. तिला नाही म्हटलं तरी चार्जिंग चालूच राहतं, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटतं.

आणि ताई, हे महत्त्वाचं: वायरीने ईपब टाकलंत तर किंडल ते उघडणार नाही. 'सेंड टू किंडल' रूपांतर करून देतं, वायर देत नाही. कॅलिबरमध्ये एझेडडब्ल्यू3 या किंडलला चालणाऱ्या प्रकारात करून घ्या. कोविद गोयल यांनी 2006 मध्ये हा प्रोग्राम सुरू केला तोच मुळी सोनीचा ई-रीडर लिनक्सला जोडता येत नव्हता म्हणून. आजही फुकट मिळतो.

श्रीकांत

मग माझ्याकडच्या यंदाच्या दिवाळी अंकांच्या पीडीएफही त्यातच टाकू या का? विकत घेतलेल्या आहेत.

प्रदीप (वेब समिती)

नाही. एकाने घेतलेली प्रत मंडळाच्या उपकरणावर सगळ्यांना वाटायची नाही. अंक आधीच कसेबसे तगून आहेत, मंडळाने वर्गणी भरून घ्यावेत. विकिस्रोतचं ठीक आहे, तिथली पुस्तकं प्रताधिकारमुक्त किंवा मुक्त परवान्याची असतात. भारतात लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं अधिकार राहतो.

मीनल

प्रदीपशी सहमत. वर्गणीसाठी माझे पैसे धरा.

वसुधा (ग्रंथालय), शुक्रवार रात्र

नानाकाकांकडची वायर आणून लावली, जुनं लगेच दिसलं. कॅलिबरने पुस्तकं रूपांतर होऊन 'डॉक्युमेंट्स'मध्ये गेली. जोडाक्षरं तपासली, नीट आहेत. नवंही माझ्याच विंडोजवर भरलं. सायली, मॅकचं तू रविवारनंतर बघ.

दोन्ही वायरींना 'ग्रंथालय' अशी चिठ्ठी बांधून त्या पुस्तकांच्या कपाटात ठेवते. साउंडवाल्या मंडळींनी कृपया त्या घेऊ नयेत.

प्रदीप (वेब समिती)

कपाटाची दुसरी किल्ली कुणाकडे आहे?