'आम्ही एशियन नाही' म्हणणाऱ्यांना जरा लांब उत्तर

तिखटमीठ:
लंडनमधल्या एका गृहस्थांची पोस्ट कालपासून प्रत्येक ग्रुपवर येऊन आदळतेय. म्हणणं असं की मराठी माणसाने स्वतःला एशियन म्हणवून घेऊ नये, सरळ इंडियन म्हणावं, कारण ब्रिटनमध्ये एशियन म्हटलं की लोक पाकिस्तानी समजतात, अमेरिकेत चिनी समजतात, आणि मुळात हा गोऱ्यांनी आपल्याला चिकटवलेला शब्द आहे. खाली शंभर लोकांचे नमस्कार आणि झेंडे.

चिकटवलाय हे खरं हो, पण आधी तुर्कस्तानाला चिकटवला. पर्गमॉनच्या राजाने मरताना आख्खं राज्य रोमला लिहून दिलं, इसवीसनपूर्व १३३ ची गोष्ट, आणि त्या तुकड्याचा रोमनांनी जो प्रांत केला त्याचं नाव आशिया. एफिसस वगैरे तिकडचं. त्यात चीन नाही, जपान नाही, सदाशिव पेठ तर नाहीच. पुढे शब्द पूर्वेला सरकत सरकत पॅसिफिकला जाऊन टेकला. म्हणजे 'खरा अर्थ' धरून बसायचं म्हटलं तर इथला कुणीच एशियन नाही, विषय संपला.

पण शब्द अंगावर आल्यावर लोकांनी त्याचं काय केलं ते बघा की. दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालमध्ये १९०६ ला 'एशियाटिक' लोकांनी बोटांचे ठसे देऊन नोंदणी करावी असा वटहुकूम आणायचं ठरलं, त्याच्याविरुद्ध ११ सप्टेंबरला जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात सभा झाली, गांधींचा सत्याग्रह तिथून सुरू. आणि पुढे त्या लढ्यात चिनी लोकही तुरुंगात गेले. अमेरिकेत १९७० च्या जनगणनेत आपल्याला 'व्हाइट'मध्ये धरलं होतं, तेव्हा आपल्याच लोकांनी खटपट करून १९८० ला 'एशियन इंडियन' हा रकाना मिळवला, कारण अल्पसंख्याक म्हणून जे हक्क होते ते गोऱ्यांत मोजून मिळणार नव्हते. फायद्याला एशियन आणि मिरवायला इंडियन, हे बरंय.

हॅरोचा_हरी:
लेख छान. आता पुण्यातून रोमन साम्राज्य सांगणं सोपं आहे, आम्ही इथे लंडनला राहतो. पेपरात 'एशियन टोळीला अटक' असं छापून येतं, नावं खाली पाचव्या परिच्छेदात. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या किचनमध्ये चहा करताना शेजारचा माणूस गप्प उभा असतो ना, ते एकदा अनुभवा. हिंदू आणि शीख संघटनांनी याबद्दल जाहीर तक्रारी केल्यात, त्या काय झेंडे लावायला केल्या? मला कुणाशी भांडण नाही, पण ज्याची बातमी त्याचं नाव घ्या एवढंच.

तिखटमीठ:
@हरी, मग तक्रार पेपरवाल्यांची आहे, शब्दाची कशाला? उद्या इंडियन म्हणून छापलं की इंडियनपण टाकून देणार का, मग काय म्हणवून घेणार, हॅरोकर?

एडिसनची_वहिनी:
आमच्याकडे अमेरिकेत उलटंच. मे महिन्यात ऑफिसात एशियन हेरिटेज साजरं होतं. गेल्या वर्षी लॉबीत लाल कंदील, ड्रॅगन, डंपलिंग. मी एचआरच्या बाईला म्हटलं आम्हीपण आहोत हो यात, तर ती खूप गोड हसून म्हणाली, "ओ बट यू गाइज हॅव दिवाली!" म्हणजे आमचं खातं ऑक्टोबरात. फॉर्म भरताना मात्र बिनबोभाट एशियनवर टिक. हरीभाऊंशी सहमत नाही पण कंटाळा समजतो.

नुसता_भात:
भारतात तरी वेगळं काय आहे? कोथरूडात 'पॅन एशियन' पाटी लावलेल्या हॉटेलात गेलो, सुशी, डिमसम, थाई करी सगळं, आणि वेटरला विचारलं राईस कुठला, तर म्हणे "सर एशियन राईस की नॉर्मल राईस?" पुण्यात बसून आपण एशिया बाहेरून मागवतो.

दादर_टीटी:
तुमचं चालू द्या. आमच्या पिढीला एशियाड म्हणजे दादर-पुणे एसटी. बास. 😄

खडकीचा_खंड्या:
@दादर_टीटी क्या बात! लाल डब्ब्यात हाडं खिळखिळी करून घेतल्यावर ती मागे रेलणारी सीट म्हणजे विमानच. घरी फोन करून सांगायचे, "एशियाडने येतोय", की समोरचा समजायचा पोराला पगारवाढ झाली.

मडगांवकार:
मूळ विषयावर थोडं. ब्रिटनमधला 'एशियन' पूर्व आफ्रिकेतून आलाय. फाळणीनंतर भारत-पाकिस्तानातून तिकडे गेलेल्या सगळ्यांना इंडियन म्हणता येईना म्हणून एशियन. इदी अमीनने १९७२ ला नव्वद दिवसांची मुदत देऊन हाकलले तेही 'युगांडन एशियन' म्हणूनच. आणि गंमत अशी की केनियात इंग्रजांच्या जनगणनेत गोवेकार इंडियनांत धरतच नसत, वेगळा रकाना, कारण आम्ही पोर्तुगालची प्रजा. माझे शापाय (आजोबा) नैरोबीला क्लार्क होते, क्लब वेगळा, शाळा वेगळी, तोरा तर विचारूच नका. नंतर लंडनला उतरले आणि एका दिवसात एशियन झाले. मरेपर्यंत त्यांनी त्या शब्दाला माफ केलं नाही, पण शेजारच्या गुजराती म्हाताऱ्याशी पत्ते मात्र रोज.

हॅरोचा_हरी:
@मडगांवकार बघा, त्यांनाही नको होता. धन्यवाद.

मडगांवकार:
त्यांना इंडियनही नको होता, बाबा. ते सोयीस्कर सोडलंत.

दिल्ली८२:
एशियाड बसचा विषय निघालाच आहे तर, नाव १९८२ च्या दिल्लीच्या खेळांवरून पडलं. अप्पू हत्ती, रंगीत टीव्ही, तेव्हाचंच. त्या खेळांसाठी घेतलेल्याच गाड्या एसटीने नंतर आणल्या.

खडकीचा_खंड्या:
त्याच गाड्या का नुसतं नाव? आमचे मामा वर्कशॉपला होते, ते म्हणायचे बॉडी आपल्या दापोडीची.

दिल्ली८२:
मामा म्हणायचे हा पुरावा नव्हे.

खडकीचा_खंड्या:
मामांनी हाताने रिव्हेट मारलेत हो. तुम्ही काय मारलंत, कमेंट?

दादर_टीटी:
भांडू नका. पुढे तिचं हिरकणी केलं तेव्हाच खरी मजा गेली. आमची आई अजून स्टँडवर "एशियाड कधी आहे?" विचारते आणि कंट्रोलरला बरोब्बर कळतं.

शिवनेरीप्रेमी:
मजा कशी गेली? रायगडाचा कडा उतरणारी हिरकणी आपली, एशियाड कुणाचं? मराठी नाव दिलं तरी रडायचंच का?

दादर_टीटी:
नावाला विरोध कोण करतंय राव! सवय म्हणतोय. लगेच कडेलोट नको.

तिखटमीठ:
अहो मूळ प्रश्न!! पण बघा, महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यात हा शब्द लोकांनी बसला लावून घेतला आणि कुणाची अस्मिता दुखावली नाही.

हॅरोचा_हरी:
कारण बसला कुणी पासपोर्ट मागत नाही. उगाच टाळ्या घेऊ नका.

वजनदार:
मी बर्मिंगहॅमला. दवाखान्यातल्या नर्सने बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) काढला, चोवीसच्या वर. मी खूश, पंचवीसच्या आत आहे म्हणून. ती म्हणाली तुमच्यासाठी रेघ २३ ला, कारण एशियन बॅकग्राउंड, डायबेटिसचा धोका कमी वजनातच सुरू होतो. मी म्हटलं मी इंडियन. तिने चष्म्यावरून बघितलं आणि तक्ता फिरवून दाखवला. तेव्हापासून हरीभाऊंच्या चळवळीला माझा मनापासून पाठिंबा आहे, निदान २५ पर्यंत.

एडिसनची_वहिनी:
😂😂 @वजनदार

आकडेमोड:
हसण्यावारी नेऊ नका. २३ (धोका सुरू) आणि २७.५ (जास्त धोका) हे आकडे एकाच खोक्यात घालून दिलेत पण जपानी आणि पंजाबी शरीर एक नाही. इंग्लंडात २००१ च्या जनगणनेत चिनी लोक एशियनच्या रकान्यात नव्हते, २०११ ला आत घेतले. एका रात्रीत रकाना फुगला, माणसं तीच. रकाना बघून धोरण ठरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं, आणि खेळातलं तर बोलायलाच नको, ऑस्ट्रेलिया फुटबॉलला २००६ पासून आशियात आणि इस्रायल आशियात असून युरोपात.

अलिबागची_मैत्रीण:
इस्रायलवरून आठवलं, माझी शाळेतली मैत्रीण बेने इस्रायल (कोकणातले ज्यू), आता अश्दोदला. राहते आशियात, बोलते मराठी, आणि तिकडे तिला कुणी एशियन म्हणत नाही, इंडियनच म्हणतात. हरीभाऊ, तुम्ही तिकडे शिफ्ट व्हा.

हॅरोचा_हरी:
ठीक आहे, जमलेत सगळे. एवढं मान्य की शब्द टाकून प्रश्न सुटत नाही, आणि १९८० चं मला माहीत नव्हतं. पण पेपरात जे छापतात ते चूकच, त्यावर इथे एकानेही धड उत्तर दिलेलं नाही. बसवर मात्र पंचवीस कमेंट.

तिखटमीठ:
छापतात ते चूकच. दिलं उत्तर. लंडनवाल्यांची पोस्ट तरीही फालतूच.

खडकीचा_खंड्या:
@दिल्ली८२ मामांचा फोटो सापडला, मागे गाडी उभी आहे, पण नंबर प्लेटवर नेमकं त्यांचं पोट आलंय. झूम करून बघतो.

दिल्ली८२:
नंबर दिसला तर सांगा. डीएल असेल तर मी जिंकलो.

खडकीचा_खंड्या:
नोंदणी एसटीने केल्यावर एमएच नाही का पडणार, शहाणे?

दादर_टीटी:
८२ ला एमएच कुठून, तेव्हा तीन अक्षरी प्लेट असायची. दोघंही खाली उतरा.