'हार्वेस्ट', 'फेअर चेस', 'ट्रॉफी', 'पोचिंग' : शिकाऱ्यांच्या या शब्दांना मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

शिकारीच्या नीतिनियमांवरचा एक मोठा लेख मराठीत आणते आहे. लेखक स्वतः शिकारी आहेत. त्यांचं म्हणणं असं, की शिकार न करणारे लोक संख्येने कितीतरी जास्त आहेत आणि शिकारीचं भवितव्य त्यांच्याच मतावर ठरणार आहे. म्हणून आपण काय बोलतो, कसले फोटो दाखवतो, याचा विचार शिकाऱ्यांनीच करायला हवा. मजकूर समजायला अवघड नाही, गाडी अडते ती शीर्षकात दिलेल्या चार शब्दांपाशी. 'हार्वेस्ट'ला 'कापणी' म्हटलं तर हरणांची कापणी वाचून अंगावर काटा येतो. 'टिपणे' चालेल का? 'फेअर चेस'ला 'न्याय्य पाठलाग' सुचतं, पण ते कृत्रिम वाटतं. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

'हार्वेस्ट' हा सरकारी कागदावरचा शब्द आहे. हंगामात किती हरणं मारली गेली याचा आकडा अमेरिकेतल्या राज्यांची वन्यजीव खाती या मथळ्याखाली देतात. त्यामागे हिशेब असा, की कळपात दरवर्षी जी भर पडते तिच्यातला काही भाग काढून घेतला तरी मुद्दल शाबूत राहतं. तक्त्यात हा शब्द शोभतो. पण एका माणसाने एका हरणावर गोळी झाडली, हे सांगताना तोच शब्द आला की वाचणाऱ्याला वाटतं, इथे काहीतरी झाकून ठेवलंय. आकडेवारी असेल तिथे 'मारलेल्या हरणांची संख्या' लिहा आणि एकाच जनावराबद्दल असेल तिथे सरळ 'मारलं' लिहा. लेखक त्या शब्दाचीच चिकित्सा करत असतील तर 'हार्वेस्ट' तसाच ठेवा.

'टिपणे' नको. चोचीने दाणा टिपणे, बंदुकीने पाखरू टिपणे हे जुने अर्थ आहेतच, पण आज 'जंगलात बिबट्या टिपला' म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो कोणत्या कॅमेऱ्याने? 'पाडला', 'लोळवला' यांत फुशारकी आहे. 'शिकार साधली' म्हणावं तर कर्त्याचं कौतुक होतं आणि जनावर वाक्यातून नाहीसं होतं. 'मारलं' या क्रियापदात मारणारा आणि मेलेलं जनावर दोघंही डोळ्यांसमोर राहतात. प्रामाणिक शिकाऱ्याला त्याची लाज वाटण्याचं कारण नाही.

प्रतिसाद

वरच्या मताशी बऱ्याच अंशी सहमत, पण एक बाजू राहून जाते. शिकाऱ्यांची खास भाषा दर वेळी लपवाछपवीसाठीच असते असं नाही. जर्मन शिकाऱ्यांची तर वेगळी बोलीच आहे. जखमी जनावराच्या रक्ताला ते 'श्वाइस' म्हणजे घाम म्हणतात, हरणाच्या डोळ्यांना दिवे, सशाच्या कानांना चमचे. मारलेल्या हरणाच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवतात, तिला 'शेवटचा घास' म्हणतात. जखमी जनावर शोधणाऱ्या कुत्र्याचं नावही या 'श्वाइस'वरूनच पडलंय. इतकंच काय, शिकार करताना शिकाऱ्यांची सर्वमान्य रीत पाळली पाहिजे, असं जर्मनीच्या शिकार कायद्याच्या पहिल्याच कलमात आहे आणि त्या रीतीला त्या भाषेत स्वतंत्र शब्द आहे. अशी भाषा नवशिक्याला अदब शिकवते. बाहेरच्या माणसाला मात्र 'घाम' ऐकून तोंडाला पानं पुसल्यासारखं वाटणार, हे कबूल.

आणि ताई, मूळ लेख इंग्लंडमधला की अमेरिकेतला, ते एकदा बघून घ्या. ब्रिटनमध्ये 'हंटिंग' म्हणजे प्रामुख्याने घोड्यांवरून, कुत्र्यांच्या झुंडीसह केलेला पाठलाग. बंदुकीने पक्षी मारणं ते 'शूटिंग' आणि हरणामागे दबत जाणं ते 'स्टॉकिंग'. इंग्लंड-वेल्समध्ये २००४च्या कायद्याने कुत्र्यांकरवी होणाऱ्या वन्य सस्तन प्राण्यांच्या शिकारीवर बंदी आली, बंदुकीच्या शिकारीवर नाही. तिन्हींना 'शिकार' म्हटलंत तर तिथे सगळी शिकारच बंद झाली, असा समज होईल.

प्रश्नकर्ती

लेख अमेरिकेतला आहे. आता 'फेअर चेस'चं काय करू?

प्रतिसाद

'फेअर चेस'वर जरा सविस्तर लिहितो, कारण नीतीचा खरा पेच याच शब्दात आहे.

पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८८७ साली 'बून अँड क्रॉकेट क्लब' हा शिकाऱ्यांचा क्लब स्थापन केला. या कल्पनेला नियमाचं रूप मिळालं ते तिथे, आणि तेही नकारातून. सापळ्यात अडकलेलं अस्वल मारणं, रात्री उजेड दाखवून हरीण भुलवणं, खोल बर्फात रुतलेल्या मूसला (हरणाच्या कुळातलं मोठं जनावर) गाठणं, पोहणाऱ्या जनावराला नावेतून मारणं यांपैकी काहीही 'फेअर चेस' नव्हे. यातला प्रत्येक नियम बघा. जनावराची पळायची वाट बंद झाली असेल तर शिकाऱ्याने हात आवरायचा, एवढंच त्यात आहे.

म्हणून 'न्याय्य' मला पटत नाही. न्याय दोन पक्षांत होतो आणि हरणाने या खेळाला कधी होकार दिलेला नसतो. 'खिलाडूवृत्तीची शिकार' हाही शब्द कुणी सुचवेल, पण ज्याचा जीव जाणार त्याच्यासाठी तो खेळ नाही. इथे बंधन फक्त शिकाऱ्यावर आहे आणि ते त्याने स्वतःहून घातलेलं आहे. माझं मत 'मर्यादेची शिकार' या शब्दाला. मर्यादा म्हटलं की ती कुणी पाळायची, हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही.

ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. महाभारतात हरणाच्या रूपातला किंदम ऋषी हरिणीशी रत असताना पंडू त्याला बाणांनी मारतो. मरता मरता किंदम राजाला दोष देतो, पण शिकारीबद्दल नाही. तो म्हणतो, राजे मृगया करतात याची मी निंदा करत नाही, पण आमचा समागम संपेपर्यंत तू थांबायला हवं होतंस. पंडूची बाजू अशी, की राजे शत्रूला मारतात तसेच मृगांनाही, उघडपणे किंवा लपून, आणि त्यात गैर काही नाही. एकीकडे अधिकार आणि दुसरीकडे मर्यादा. आजही शिकाऱ्यांमधला वाद याच दोन टोकांत होतो.

मात्र ही मर्यादा आणि दया दर वेळी हातात हात घालून चालत नाहीत, हे लेखात नसेल तर तळटीप द्या. आमिष ठेवून, मचाणावर बसून, जवळून झाडलेली गोळी बहुधा नेमकी बसते आणि जनावर जागीच संपतं, पण कित्येक शिकारी त्याला हलकं मानतात. उलट जनावराला पुरेपूर वाव देऊन लांबून गोळी झाडली तर ती पोटाला लागण्याचा धोका वाढतो. बाण किंवा गोळी लागून जनावर पळालं की अनुभवी शिकारी आधी जमिनीवरचं रक्त बघतो. फेसाळ, गुलाबी असेल तर फुफ्फुसाला लागलंय, जनावर जवळच पडलेलं असेल. काळपट लाल असेल तर यकृताला. हिरवट, दुर्गंधी असलेलं काही दिसलं तर आतडी फुटलीत, आणि मग तासन्‌तास थांबावं लागतं. लगेच मागे गेलं तर बसलेलं जनावर उठून आणखी लांब जातं आणि कुठेतरी कण्हत मरतं. ज्याला ते थांबणं आणि नंतर अंधारात माग काढणं झेपणार नाही, त्याने चापाला बोटच लावू नये. लोकांसमोर बोलताना शिकारी हा भाग गाळतात. माझ्या मते सांगण्यासारखं सर्वांत महत्त्वाचं तेच आहे.

प्रतिसाद

रूझवेल्टचा उल्लेख आला म्हणून जोडतो. १९०२च्या नोव्हेंबरमध्ये मिसिसिपीत त्यांच्यासाठी एक अस्वल पकडून झाडाला बांधून ठेवलं होतं. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला त्यांनी नकार दिला. क्लिफर्ड बेरीमनने त्यावर 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये व्यंगचित्र काढलं आणि त्यातून पुढे, रूझवेल्ट यांच्या 'टेडी' या लाडक्या नावावरून, 'टेडी बेअर' हे खेळणं आलं. सहसा सांगितलं जात नाही ते असं, की अस्वल पकडताना पुरतं जायबंदी झालं होतं आणि रूझवेल्ट यांच्याच सांगण्यावरून ते सुरीने संपवण्यात आलं. मर्यादेने गोळी रोखली, मग दयेने सुरी चालवली. वरच्या प्रतिसादातला पेच जसाच्या तसा इथे आहे, आणि लोकांपर्यंत पोचली ती अर्धीच गोष्ट.

'ट्रॉफी'बद्दल. हा मुळात रणांगणावरचा ग्रीक शब्द. शत्रूने पाठ फिरवली त्या जागी त्याची हत्यारं टांगून उभारलेलं विजयचिन्ह ते 'ट्रोपायन'. 'ट्रॉफी हंटिंग'ला 'विजयचिन्हासाठी शिकार' हे अर्थाला अगदी चिकटून आहे, पण लांब पडतं. 'हौसेची शिकार' बोलीत बसतं, पण मांसासाठी शिकार करणाऱ्यालाही हौस असतेच. मी 'शिंगा-कातड्यासाठीची शिकार' म्हणेन. त्यात हेतू थेट सांगितला जातो आणि लोकांचं मत हेतूवरच ठरतं. खाण्यासाठी मारलं म्हटलं तर बरेच जण समजून घेतात, भिंतीवर लावण्यासाठी म्हटलं की तेच लोक तोंड फिरवतात. २०१५च्या जुलैमध्ये झिंबाब्वेत सेसिल या सिंहाला बाण मारून जखमी केलं आणि काही तासांनी ठार केलं, तेव्हा जगभर जी चीड उसळली तिच्यात हेही होतं. सेसिलच्या गळ्यात संशोधकांची पट्टी होती. पुढच्याच महिन्यात काही विमान कंपन्यांनी मोठ्या जनावरांची मुंडकी-कातडी वाहून न्यायला नकार दिला.

प्रतिसाद

'पोचिंग'ला 'चोरटी शिकार' हा रुळलेला शब्द आहे, तोच वापरा. बातम्यांत नुसतं 'शिकार' लिहितात आणि दोन्हींची सरमिसळ होते. 'अवैध' विशेषण कायद्याचा भंग सांगतं, 'चोरटी'त त्याबरोबर लपून करण्याचा भाव येतो. पण 'खरा शिकारी चोरटी शिकार करतच नाही' असं विधान लेखात असेल तर सावध राहा. आपल्यातलाच कुणी नियम मोडतो तेव्हा त्याला जमातीबाहेर ढकलून हात झटकायचे, ही पळवाट फक्त शिकारीपुरती नाही.

तसंच 'कॉन्झर्व्हेशनिस्ट'ला 'संवर्धक' करा, 'संरक्षक' नको. अमेरिकेत बंदुका आणि काडतुसांवरचा केंद्रीय कर १९३७च्या कायद्याने राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला गेला (लांब नळीच्या बंदुका व काडतुसांवर ११ टक्के), आणि याच आधारावर तिथले शिकारी हे नाव लावतात. दावा पोकळ नाही. मात्र कधीच शिकार न करणारे बंदूकधारकही तो कर भरतात, हेही त्याच दमात सांगितलं पाहिजे.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. 'मारलं', 'मर्यादेची शिकार' आणि 'चोरटी शिकार' घेते आहे. 'ट्रॉफी' पहिल्यांदा मराठी खुलाशासह आणि पुढे तसाच. एक शेवटचं राहिलं. गोळी लागूनही जी जनावरं हाती लागत नाहीत, त्यांच्यासाठी लेखात 'वूंडिंग लॉस' आहे. 'घायाळ' वापरू का?

प्रतिसाद

'घायाळ' नको. तो शब्द आता नजरेने, हसण्याने घायाळ होणाऱ्यांनी बळकावलाय. 'लॉस'चं 'नुकसान'ही करू नका, कारण ते शिकाऱ्याचं नुकसान होतं आणि इथे विषय जनावराच्या यातनांचा आहे. 'जखमी होऊन निसटलेली जनावरं' लिहा. शब्द चार झाले तरी चालतील. आणि हंगामाच्या तक्त्यात 'मारलेल्या हरणांची संख्या' या रकान्याशेजारी लेखकांनी हा रकाना दिला असेल, तर मराठीत तो गाळू नका.