व्हीएस कोडमध्ये (कोड लिहायच्या एडिटरमध्ये) माऊस न वापरता फाइल पटकन कशी उघडायची?

प्रश्न: प्रोजेक्टमध्ये शेकडो फाइल्स आहेत. डावीकडच्या यादीत फोल्डर उलगडत बसण्यात वेळ जातो. शिवाय एकाच नावाच्या बऱ्याच फाइल्स आहेत.

उत्तर १: कंट्रोल+पी (मॅकवर कमांड+पी) दाबा, शोधपेटी उघडेल. पूर्ण नाव टाइप करू नका, मधली अक्षरं क्रमाने आली की पुरे. नावं सारखी असतील तर फोल्डरच्या नावातली दोन-तीन अक्षरं, मग स्पेस, मग फाइलचं नाव. शेवटी विसर्गचिन्ह नव्हे, कोलन देऊन १२० लिहिलंत तर थेट १२०व्या ओळीवर जाल.

उत्तर २: एंटरऐवजी उजवा बाण दाबून बघा. फाइल मागे उघडते आणि शोधपेटी तशीच राहते, त्यामुळे ओळीने चार-पाच फाइल्स उघडता येतात. कंट्रोल+एंटरने शेजारच्या भागात उघडते. नुकत्याच वापरलेल्या दोन फाइल्समध्ये ये-जा करायला मात्र कंट्रोल+टॅबच बरं.

प्रश्नकर्ता: जमलं! पण एक फाइल डिस्कवर असूनही दिसत नाही.

उत्तर १: गिटच्या (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाच्या) इग्नोअर यादीत, म्हणजे दुर्लक्ष करायच्या फाइल्सच्या यादीत असेल. 'सर्च: यूज इग्नोअर फाइल्स' ही सेटिंग बंद करून पाहा. तरी नाही दिसली तर 'सर्च: एक्सक्लूड' तपासा, नोड मॉड्यूल्सचा (बाहेरून आणलेल्या तयार कोडचा) फोल्डर तिथे आधीपासूनच वगळलेला असतो. तो उगाच चालू करू नका, यादी नको त्या फाइल्सनी भरून जाते.

उत्तर ३: आणि फोल्डर न उघडता सुटी फाइलच उघडली असेल, तर फक्त अलीकडे उघडलेल्या फाइल्स दिसतात. आधी अख्खा फोल्डर उघडा.