कसाईनंतर पोराचं वजन बघायचं की दंड?

रंकाळ्याची आई: माझ्या पोराचं ५५ व्या दिवशी कसाई झालं, म्हणजे पित्ताच्या नळ्या बंद होत्या (बिलिअरी अट्रेशिया) म्हणून आतडं थेट लिव्हरला जोडलं. कसाई हे जपानी सर्जनचं आडनाव, पण आमच्या सासूबाई नाव ऐकूनच रडायला लागलेल्या. आता दीड वर्षाचा आहे. गेल्या महिन्यात ६०० ग्रॅम वाढला म्हणून घरात पेढे वाटले आणि मी आंघोळ घालताना बघतेय तर पोट टम्म, बेंबी बाहेर, दंड मात्र काटकी. सोनोग्राफीत पोटात पाणी निघालं. दंडाचा घेर १३.४ वरून १२.८ सेंमी. माझं म्हणणं, अशा पोरांचं वजन बघणं बंदच करा.

कागलकर भाऊ: ताई राग मानू नका पण बंदच करा हे लई झालं. औषधाचे डोस वजनावर ठरतात, पाणी उतरायचं औषध लागू पडतंय का ते पण काटाच सांगतोय की. आणि टेप आज तुम्ही लावली उद्या आजीनं, थोडी ओढून धरली की अर्धा सेंमी तिथंच गेला. तुमचा फरक ०.६ चा आहे, बघा.

रंकाळ्याची आई: दोन्ही वेळा मीच मोजलंय, डाव्या हाताला, खांदा नि कोपराच्या मधोमध पेनानं खूण करून, तेही पोरगं झोपल्यावर.

गंगावेशीचा आजा: काय टेप नि काय काटा. दुधाच्या कट्ट्यावर आणा, म्हशीचं धारोष्ण पाजा, महिन्यात गुटगुटीत होतंय का नाही बघा.

आहारवाली: आजोबा, पित्तच आतड्यात नीट उतरत नाही तर ती साय पचणार कशी, शीतून तुपकट होऊन बाहेर. म्हणून तर एमसीटी तेल (मध्यम लांबीच्या साखळीची चरबी) देतात, त्याला पित्त फारसं लागत नाही. आणि कच्चं दूध या पोरांना नकोच. ए, डी, ई, के ही व्हिटॅमिनंपण चरबीसोबतच शोषली जातात, त्यांच्या तपासण्या वेगळ्या कराव्या लागतात. अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) कमी म्हणजे खाणं कमी असंही नाही, लिव्हर बिघडलं किंवा इन्फेक्शन झालं तरी ते उतरतं.
ताई, अंगणवाडीच्या दंड मोजायच्या पट्टीत ११.५ सेंमीखाली लाल आणि १२.५ पासून पुढं हिरवं, म्हणजे तुमचा अजून हिरव्यातच दिसेल, पण त्यावर जाऊ नका, घसरतोय हे महत्त्वाचं. दंडामागच्या कातडीची घडीपण कॅलिपरनं (मोजायच्या चिमट्यानं) मोजून घ्या, तिथली चरबी कळते.

कागलकर भाऊ: हेच म्हणतोय, एका आकड्यावर कशाला बसायचं. वजन खोडू नका, बाजूला पोटाचा घेर लिहा, म्हणजे वाढ पाण्याची आहे का अंगाची याचा अंदाज येतोय.

रंकाळ्याची आई: लिहिते. पण वहीत पहिला रकाना दंडाचा, आणि पेढे आता मला विचारून.