तुमच्या आजवरच्या सायकली कोणत्या, आणि त्यातली कुठली ठेवली? (सातारा-सांगलीकर, सांगा जरा)

गोडोलीकर:
मंडळी नमस्कार. घर बदलतोय, नव्या जागेत जिन्याखाली दोनच सायकली बसतील आणि माझ्याकडं आहेत तीन. एक वडिलांची 24 इंची फ्रेमची ॲटलस, काळी, रॉड ब्रेकवाली (वायरीऐवजी लोखंडी दांड्यांचे ब्रेक), डायनॅमोसकट. दुसरी हीरो रेंजर, शाळेत हट्ट करून घेतलेली, कॉलेज संपेस्तोवर तीच होती. तिसरी अलीकडची गिअरची हायब्रिड, तिच्यावर रविवारी साताऱ्याजवळचा यवतेश्वर घाट नाहीतर कास करतो. घरचे म्हणतायत ॲटलस भंगारात घाल, कंपनीच राहिली नाही तर पार्ट कुठनं आणणार. कारखाने बंद पडले हे खरंय, साहिबाबादचा शेवटचा कारखाना 3 जून 2020 ला थांबला आणि तो नेमका जागतिक सायकल दिन होता, वाचून फार वाईट वाटलेलं. पण माझा जीव होत नाही. वडील त्याच सायकलवर रोज एमआयडीसीत जायचे, मागं कॅरिअरला डबा.
तर दोन गोष्टी विचारायच्यात. तुम्ही आजवर कुठल्या कुठल्या सायकली चालवल्या आणि शेवटी कुठली ठेवलीत? आणि ॲटलस रोजच्या वापरात आणायची तर काय काय करावं लागेल?

घाटवेडा_सातारा:
दादा, ॲटलस देऊ नका, रेंजर द्या. शेजारपाजारचं एखादं शाळकरी पोरगं खुश होईल.
माझ्या सायकली म्हणाल तर पहिली स्वतःची नव्हतीच, राजवाड्याजवळ तासावर भाड्यानं मिळायची ती छोटी. मग काकांची मोठी हर्क्युलिस, तिच्यावर सीटवर बसून पाय पोचायचे नाहीत म्हणून दांडीच्या खालनं मधनं पाय घालून अर्ध्या अर्ध्या पायडलवर चालवायची, आमच्या पिढीतले सगळे असेच शिकले. मग बिनगिअरची एमटीबी (माउंटन बाईक), मग गिअरवाली, आणि आता तीच आहे, बाकी सगळ्या गेल्या.
घाटाचं मात्र स्पष्ट सांगतो कारण बरेच जण उत्साहात जुनी सायकल घेऊन यवतेश्वर चढायला निघतात. जुन्या सायकलला समजा पुढच्या चकतीला 44 दात, मागच्या चकतीला 18, आणि चाक 28 इंची, म्हणजे पायडल एकदा पूर्ण फिरलं की सायकल जवळजवळ साडेपाच मीटर पुढं जाते. माझ्या एमटीबीला सगळ्यात हलक्या गिअरवर पुढं 22 मागं 34, तिथं एका फेऱ्यात सव्वा मीटरच्या थोडंसं वर. म्हणजे पायाला चौपट फरक. सातारा शहर साडेसातशे मीटरच्या आसपास आणि कासचं पठार 1200 च्या घरात, 25 किलोमीटरात एवढं चढायचं तर तो फरक गुडघ्यालाच कळतो. वजनाचं लोक फार बोलतात, मला विचाराल तर आधी दात मोजा, वजन नंतर.
आणि उतार त्याहून महत्त्वाचा. जुन्या रिमा लोखंडी, वरनं निकेल. कोरड्यात ब्रेक लागतो पण आपल्याकडच्या जुलैच्या पावसात रिम भिजली की रबर नुसतं घसरत राहतं, ब्रेकची दांडी कितीही आवळा. ॲल्युमिनियमच्या रिमवर भिजल्यावरपण बऱ्यापैकी धरतो आणि डिस्क ब्रेक चाकाच्या मधल्या चकतीला धरतो, त्याला तर रिम भिजल्याचा प्रश्नच नाही. म्हणून ॲटलस घेऊन पावसाळ्यात घाट उतरू नका, हे अगदी कळकळीनं सांगतोय.

कृष्णाकाठ_सांगली:
आमच्याकडं घाट नाही हे सांगलीचं भाग्यच म्हणायचं :) विश्रामबाग, मिरज, माधवनगर, हरिपूर, कुठंही जा, सपाट. त्यामुळं जुन्या सायकली अजून इथं सुखानं चालतात, दुधाच्या किटल्या लावून चाललेले काका पहाटे आयर्विन पुलावर आजही दिसतात.
मी ठेवलेली सायकल म्हणजे हंबर. सेन-रॅले कंपनीची, बंगालमधल्या आसनसोलला बनलेली. हंबर ओळखायची खूण म्हणजे पुढचा फोर्क, बाकीच्यांना चाकाच्या दोन्ही बाजूला एकेक नळी असते, हिला दोन दोन. लांबनं बघितली तरी कळते. आजोबांनी घेतली, वडिलांनी वापरली, आता मी भाजी आणायला आणि संध्याकाळी हरिपूरला संगमावर जायला वापरतो. मधल्या काळात मी पातळ टायरची रोडबाईकपण घेतलेली, सुंदर पळायची, पण आमच्या भागातल्या रस्त्यांवर सारखी पंक्चर व्हायची म्हणून दिली एका मित्राला, तो हायवेला चालवतो आणि खुश आहे.
सायकलचा विषय निघाला की मला आमच्या जिल्ह्याचा अभिमान वाटतो. किर्लोस्करवाडी 1910 ला वसली हे सगळ्यांना माहितीय पण लक्ष्मणराव किर्लोस्करांचा पहिला धंदा सायकलचा होता, 1888 मध्ये बेळगावात सायकलचं दुकान. नांगर, पंप, इंजिनं हे सगळं नंतरचं. सायकल खोलून जोडता आली की माणसाला यंत्राची भीती राहत नाही, माझा यावर पक्का विश्वास आहे, म्हणून पोराला पहिलं पंक्चर काढायला शिकवलं.

वाईची_मीनल:
इथं सगळे दांडीवाल्या सायकलींवरच बोलतायत म्हणून लिहिते. माझी पहिली सायकल दांडी नसलेली लेडीज, पुढं जाळीची बास्केट, मागच्या चाकाला ओढणी नि परकर अडकू नये म्हणून साडीगार्ड. आमच्या वाडीतनं वाईला हायस्कूलला आम्ही मुली घोळक्यानं जायचो. एसटीची वाट बघायला लागायची नाही, सातवीनंतर ज्या मुलींची शाळा सुटली नाही त्यात सायकलचा वाटा फार मोठा होता, हे मी डोळ्यांनी बघितलंय.
आता माझ्याकडं गिअरची आहे आणि पसरणी घाट चढते. वाईतनं पाचगणी बाराएक किलोमीटर, चढ साधारण 550 मीटरचा, पण एकसारखा आहे, मध्येच छातीवर येत नाही, त्यामुळं नवशिक्यांना यवतेश्वरपेक्षा हा बरा असं माझं मत. शनिवार-रविवारी मात्र सकाळी लवकर, नंतर पर्यटकांच्या गाड्या सुरू होतात.
लेडीज सायकल विकली नाही. आता भाची चालवते. गोडोलीकर दादा, तुम्हीपण रेंजर घरातल्याच कुणाला तरी द्या.

ग्रीसवाला_कऱ्हाड:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. काही अवघड नाही, ॲटलसचे पार्ट म्हणजे सगळ्या काळ्या सायकलींचे पार्ट, हीरो-एव्हनचं बहुतेक सगळं बसतं.
पुढची-मागची चाकं, हेड (हँडल फिरतं तो भाग) आणि पायडलांचा मधला एक्सल खोलून छर्रे सगळे नवीन टाका, जुने पुसून परत घालू नका, छर्रे स्वस्त असतात, छर्रे ज्यात फिरतात ते कोन-कप खराब झाले तर काम वाढतं. चाकांचा आऊट (डगडग, वाकडेपणा) काढून घ्या. चेन लांबली असेल तर चेन आणि फ्रीव्हील (मागची दातेरी चकती) बरोबरच बदला, नव्या चेनला झिजलेलं फ्रीव्हील लागलं की जोर लावल्यावर चेन दातावरनं उडते. आणि फ्रीव्हील बदलताच आहात तर 18 च्या जागी 22 दातांचं बघा, पोवई नाक्याकडचे छोटे चढ बसल्या बसल्या निघतील. चेनला एखादी कडी वाढवायला लागेल.
कॉटर पीन, म्हणजे क्रँक (पायडलचा दांडा) एक्सलला धरून ठेवणारी पाचर, जपून काढा. गंजून बसलेली असते, आधी तेल सोडून रात्रभर ठेवा. नट पूर्ण काढू नका, आटे झाकतील एवढा फिरवलेला ठेवा, आणि क्रँकच्या खाली लाकडाचा भक्कम ठोकळा लावून मगच हातोडा मारा, नाहीतर सगळा मार छर्ऱ्यांवर बसतो. बसवताना डावी-उजवी पीन एकमेकीच्या उलट दिशेनं घालायची, एकाच दिशेनं घातली तर दोन्ही पायडलं एका रेषेत येत नाहीत आणि चालवताना पाय विचित्र पडतो.
एक विनंती, पावडर कोटिंग करू नका. जुन्या फ्रेमवर हातानं मारलेल्या सोनेरी रेघा असतात, त्या एकदा गेल्या की गेल्या. गंज घासून, पुसून, मेण लावून ठेवा.

गोडोलीकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. मीनलताई, रेंजर बहिणीच्या मुलाला देतोय, तिचा फोन झाला. ॲटलस पुढच्या आठवड्यात खोलतो. ग्रीसवाले दादा, टायर ऑनलाइन 28 इंची म्हणून 700 सी चे दाखवतायत, चालतील का?

ग्रीसवाला_कऱ्हाड:
अजिबात नाही. नाव 28 असलं तरी तुमची रिम 635 मिलिमीटर व्यासाची आणि 700 सी चं टायर 622 चं, चढणारच नाही. टायरच्या कडेला 28 गुणिले दीड लिहिलंय का बघा, तेच घ्या. गावातल्या कुठल्याही सायकलच्या दुकानात मिळतं, ट्यूब त्याच मापाची घ्या.