चतुर्थीला येताना विमानात जागा नाकारली तर काय मिळतं? आणि सोबतच्या रियालचं काय?

इन्सुली_नाका
नमस्कार मंडळी. मामेभाऊ मस्कतची नोकरी आटोपून चतुर्थीच्या तोंडावर कायमचा सावंतवाडीला येतोय. तिकिटं दोन आणि वेगवेगळ्या कंपन्यांची: मस्कत–मुंबई, मग मुंबई–मोपा (गोव्याचा नवा विमानतळ). चतुर्थीच्या आठवड्यात जागांपेक्षा जास्त तिकिटं विकली जातात आणि काउंटरवर एखाद्याला मागे ठेवतात, असं सगळेच सांगतात. तसं झालं तर हक्काने काय मागता येतं? एकाला म्हणे पुढच्या प्रवासाचं ५,००० चं व्हाउचर देऊन गप्प केलं.

दुसरं, हिशेबाच्या पैशांतले २,१०० ओमानी रियाल तो रोख आणणार आहे. ओमानात ६,००० रियालपर्यंत काही सांगावं लागत नाही, म्हणून तो निर्धास्त आहे. मुंबईला अडचण येईल का? आणि विमान कंपनीने भरपाई रोख दिली तर तीही त्यात धरायची का?

तिकीट_खिडकी
आधी जागेचं बघू. डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं) नियमावलीत सेक्शन ३, सिरीज एम, पार्ट ४ हा भाग नेमका याच विषयावर आहे. कन्फर्म तिकीट असलेले आणि वेळेत हजर झालेले प्रवासी उपलब्ध जागांपेक्षा जास्त झाले, तर कंपनीने आधी स्वखुशीने मागे राहणारे विचारायचे असतात. त्यांना काय द्यायचं ते कंपनी ठरवते. पुरेसे लोक पुढे आले नाहीत आणि तुम्हाला मनाविरुद्ध मागे ठेवलं, की ठरलेली भरपाई लागू होते.

मूळ विमानाच्या ठरलेल्या वेळेपासून तासाभरात सुटणाऱ्या विमानात बसवलं तर काही नाही. तासानंतर पण २४ तासांच्या आत सुटणारं दिलं, तर एकेरी मूळ भाडं अधिक इंधन आकार यांच्या २०० टक्के, कमाल १०,००० रुपये. पर्यायी विमान २४ तासांच्या पुढचं असेल तर ४०० टक्के, कमाल २०,०००. आणि पर्यायी विमान नकोच म्हटलं, तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत आणि शिवाय ४०० टक्के, कमाल २०,०००.

समजा मुंबई–मोपाचं मूळ भाडं ३,८०० आणि इंधन आकार ४००. बेरीज ४,२००. संध्याकाळच्या विमानात बसवलं तर ८,४००, परवाच्या विमानात बसवलं तर १६,८००. विमानतळाचं शुल्क, जीएसटी, सीट निवडल्याचे पैसे या हिशेबात येत नाहीत, म्हणून तिकिटावरच्या एकूण आकड्याची दुप्पट-चौपट करू नका.

कंपन्या टाळाटाळ करतात, पण नियम कागदावरच राहिलेला नाही. याच कारणावरून २०२२ मध्ये डीजीसीएने एका मोठ्या कंपनीला १० लाखांचा दंड ठोकला होता.

व्हाउचरचं म्हणाल तर भरपाई रोख किंवा बँकेतून द्यायची असते. व्हाउचर द्यायचं तर प्रवाशाची सही असलेली संमती लागते. म्हणजे समोर सरकवलेल्या कागदावर सही केली की ८,४०० चे ५,००० झाले आणि तेही पुन्हा त्याच कंपनीकडे अडकले. घाईत सही करू नका, कागद आधी वाचा.

इन्सुली_नाका
आभारी आहे, हे एवढं स्पष्ट कुठेच सापडलं नव्हतं. पण चतुर्थीला पर्यायी विमान परवाचं मिळून काय उपयोग? आणि मस्कतचंच विमान उशिरा आलं तर?

तिकीट_खिडकी
उपयोग नसेल तर घेऊ नका. पूर्ण परतावा अधिक ४०० टक्के घेऊन रात्रीची खाजगी बस किंवा तुतारी एक्स्प्रेसमध्ये सीट मिळतेय का ते बघणं अनेकदा शहाणपणाचं ठरतं. मात्र हा निर्णय काउंटरवर उभं असतानाच घ्या. एकदा पर्यायी विमानाचा बोर्डिंग पास हातात घेतला की मग परताव्याची गोष्ट कोणी ऐकत नाही.

मस्कतचं विमान उशिरा आलं तर मात्र दोन तिकिटांचा फटका बसतो. मोपाच्या कंपनीच्या लेखी तुम्ही वेळेवर आलाच नाहीत. भरपाई नाही आणि तिकीटही बहुतेक बुडालं. दुसरं विमान टर्मिनल १ वरून असेल तर सहारच्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलहून सांताक्रूझला रस्त्याने जावं लागतं. इमिग्रेशन, सामान, कस्टम आणि ही रपेट धरून मध्ये पाच-सहा तास ठेवा. अजून तिकीट काढलेलं नसेल तर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) घ्या.

पावसामुळे किंवा मोपाला दृश्यमानता नाही म्हणून विमानच रद्द झालं तर तो वेगळा प्रकार. तिथे पैसे परत किंवा दुसरं विमान, पण वर सांगितलेली रोख भरपाई नाही. उलट मोठ्या विमानाऐवजी छोटं लावलं आणि जागा कमी पडल्या, तर ते बोर्डिंग नाकारणंच आहे. काउंटरवरचा माणूस "ऑपरेशनल कारण" एवढंच म्हणाला तर सरळ विचारा, विमान उडतंय का? उडत असेल आणि तुम्हाला जागा नसेल, तर भरपाई लागू.

वेंगुर्ला_बंदर
यात पुरावा सगळ्यात महत्त्वाचा. दावे फेटाळले जातात ते एकाच ठिकाणी: कंपनीच्या संगणकात "नो शो" (प्रवासी आलाच नाही) किंवा "उशिरा आले" अशी नोंद होते. म्हणून काउंटर बंद व्हायच्या बऱ्याच आधी रांगेत उभं राहा आणि काउंटरच्या फलकाचा वेळ दिसेल असा फोटो काढा. वेब चेक-इनचा स्क्रीनशॉट ठेवा. जागा नाकारली की तिथूनच कंपनीला मेल टाका, भाषा साधी:

"मी अमुक पीएनआरवर कन्फर्म तिकीट घेऊन अमुक वाजता काउंटरवर हजर होतो. जागा नाहीत असे सांगून मला बोर्डिंग नाकारले. मी स्वेच्छेने जागा सोडलेली नाही. कारण लेखी द्यावे आणि नियमाप्रमाणे भरपाई खात्यात जमा करावी."

चहा-जेवण आणि रात्र काढायची वेळ आली तर हॉटेल, हेही त्याच मेलमध्ये मागा. व्हिसात किंवा नावाच्या स्पेलिंगमध्ये घोळ असल्यामुळे अडवलं असेल तर मात्र हा नियम कामाला येत नाही.

खाडीपट्टा_खेड
रोख रकमेबद्दल लिहितो, कारण आमच्या खेड-दापोली भागात घरटी कोणीतरी आखातात आहे आणि हीच गल्लत पुन्हा पुन्हा होते. तिथली मर्यादा वेगळी, इथली वेगळी. तिथून बाहेर पडताना काही सांगावं लागलं नाही, म्हणजे मुंबईतही लागणार नाही, असं अजिबात नाही.

भारतात उतरताना परकीय नोटा ५,००० अमेरिकी डॉलरच्या किमतीपेक्षा जास्त असतील, किंवा नोटा आणि ट्रॅव्हलर्स चेक मिळून १०,००० डॉलरपेक्षा जास्त असतील, तर कस्टमकडे करन्सी डिक्लरेशन फॉर्म भरावा लागतो. मर्यादा माणशी आहे. ओमानी रियाल डॉलरला बांधलेला आहे, एक डॉलर म्हणजे ०.३८४५ रियाल. म्हणजे ५,००० डॉलर होतात साधारण १,९२२ रियालला. तुमच्या मामेभावाचे २,१०० रियाल म्हणजे जवळपास ५,४६० डॉलर. फॉर्म भरावाच लागेल.

इतरांसाठी: ५,००० डॉलरची रेषा दुबईच्या १८,३०० दिरहॅमच्या, कतारच्या १८,२०० रियालच्या आणि सौदीच्या १८,७५० रियालच्या आसपास पडते. कुवेतचा दिनार सव्वातीन डॉलर धरला तर ती १,५४० दिनारच्या आत-बाहेर येते. कुवेतची स्वतःची मर्यादा ३,००० दिनार, अमिरातीची ६०,००० दिरहॅम, कतारची ५०,००० रियाल. फरक केवढा आहे बघा, माणूस नेमका तिथेच अडकतो.

जाहीर केल्यावर कर लागत नाही. पैसे किती आणायचे यालाही वरची मर्यादा नाही, फक्त सांगायचं असतं. सामान घेतल्यावर हिरव्या मार्गिकेत (काही जाहीर करायचं नसलेल्यांसाठीची) न शिरता लाल मार्गिकेत जा, फॉर्म मागा, चलनवार रक्कम लिहा, शिक्का मारलेली प्रत घ्या. कस्टमच्या 'अतिथी' अ‍ॅपवर आधीच माहिती भरता येते. हिरव्या मार्गिकेत पकडल्यावर "आत्ता सांगतो" म्हणून काही होत नाही. तसं झालंच तर जप्तीच्या कागदाची प्रत घेतल्याशिवाय हलू नका. कस्टम कायद्याप्रमाणे सहा महिन्यांत नोटीस यावी लागते (मुदत आणखी सहा महिने वाढवता येते), आणि तेव्हा पैशाचा उगम दाखवणारे नोकरीच्या हिशेबाचे कागद लागतात.

दोन बंडलं ओळखीच्या सहप्रवाशाकडे द्यायची युक्ती करू नका. पैसे ज्याच्या खिशात, जबाबदारी त्याची, आणि चौकशीत दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर दोघेही अडकतात.

आता भरपाईचं. मुंबई–मोपाची भरपाई रुपयांत आणि कस्टम ओलांडल्यावर मिळणार, तिचा या फॉर्मशी संबंध नाही. पण मस्कतलाच जागा नाकारून हातात रियाल किंवा डॉलर ठेवले, तर ते उतरतानाच्या रकमेत धरायचे. ४,८०० डॉलर घेऊन निघालेल्या माणसाला वाटेत ४०० मिळाले की तो रेषेच्या पलीकडे गेला. दुसऱ्या देशात रात्री हॉटेलला पाठवलं, तर इमिग्रेशन ओलांडताना तिथली मर्यादाही बघायची. भारतीय नोटा मात्र येता-जाता २५,००० पर्यंतच.

मामेभाऊ कायमचा येतोय, म्हणून आणखी एक. परतल्यावर २,००० डॉलरच्या किमतीपर्यंतच परकीय नोटा जवळ ठेवता येतात, त्यावरच्या १८० दिवसांत बँकेत किंवा अधिकृत मनी चेंजरकडे द्याव्या लागतात. तिथे पासपोर्टसोबत तो शिक्क्याचा फॉर्म मागतात. पावती जपून ठेवा, गल्लीतल्या "जास्त भाव देतो" वाल्याकडे जाऊ नका. माझं स्पष्ट मत, १,५०० रियाल आधीच बँकेतून पाठवा आणि वाटखर्चापुरते सोबत घ्या. मग हा प्रश्नच उरत नाही.

वेंगुर्ला_बंदर
भरपाईसाठी पुढची पायरी: कंपनीच्या नोडल (तक्रारी बघणाऱ्या) अधिकाऱ्याला मेल, मग तिथल्याच अपील अधिकाऱ्याला. दोघांची नावं-पत्ते संकेतस्थळावर असतात. दाद लागली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार, किंवा १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन. तरीही पैसे नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे तुम्हाला मुंबईला खेपा घालायला नकोत, सिंधुदुर्गच्या मुख्यालयात ओरोसला करा. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत घटनेपासून दोन वर्षं. मोपाचं विमान चुकल्यामुळे झालेला टॅक्सी-हॉटेलचा खर्च एअरसेवावर मिळत नाही, तो आयोगापुढेच मागता येतो, आणि त्यासाठी प्रत्येक बिल लागतं. टॅक्सीवाल्याकडून हाताने लिहिलेली का होईना, तारीख-वेळ घातलेली पावती घ्या.